उजव्या दाराची काच

छप्पर नसलेल्या गाडीलाही काचा असाव्याच लागतात, हे मला वाहन कार्यालयात कळलं.

गाडी आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. तिचं छप्पर कापडाचं होतं. ते मागे दुमडता यायचं, आणि एकदा दुमडलं ते पुन्हा काही उघडलं नाही. उरलेलं काम उंदरांनी केलं. त्यामुळे वरून सगळी मोकळी अशी ती गाडी आमच्या इमारतीच्या आवारात ताडपत्रीखाली उभी होती. डाव्या दाराची काच शाबूत होती. उजव्या दाराची काच, ती वरखाली करणारं यंत्र आणि काचेच्या बुडाशी दारावरून धावणारी चकचकीत पट्टी, असं सगळंच गायब होतं. कधी आणि कसं, ते कोणालाच सांगता येईना.

“छप्पर नसलं तरी चालेल,” तपासणी अधिकारी म्हणाले. “छपराबद्दल नियम काही बोलत नाही. काचा मात्र दोन्ही हव्यात आणि वरखाली व्हायला हव्यात.”

“पण गाडी वरून उघडीच आहे ना? मग काच वर केली काय आणि खाली केली काय, पाऊस आत येणारच.”

“पाऊस आमच्याकडे येत नाही, मॅडम,” ते शांतपणे म्हणाले. “आमच्याकडे काचा येतात.”

मी पदार्थविज्ञान शिकलेली बाई. वजनं-मापं तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. तराजू खरा की खोटा हे ठरवायचं आणि सही करायची, हे माझं काम. समोरच्याचं बोलणं तर्काला सोडून असलं की मला राग येत नाही, मी नुसती थक्क होते. या काचेच्या प्रकरणात मी इतक्यांदा थक्क झाले की नवरा म्हणाला, “अगं, जरा जपून. भुवया वरच राहतील.”

मुळात मी यात पडले ती आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींमुळे. त्यांनी फलकावर सूचना लावली की आवारातल्या ज्या गाड्या चालत नाहीत, किंवा ज्यांची नोंदणी संपली आहे, त्या महिनाअखेरीस भंगारवाला उचलून नेईल. आणि मग खास आप्पांना गाठून म्हणाले, “आप्पा, राग मानू नका, पण ही आता गाडी राहिली नाही. ताडपत्रीचं टेकाड झालंय.”

 आप्पा खाली गेले, ताडपत्री उचलली आणि आत शिरून गाडीत बसले. चहाला बोलवायला मी गेले, तर टेकाडातून आवाज आला, “ठेव तिथं बॉनेटवर.” मी चहा ठेवला. ताडपत्रीखालून एक हात आला आणि कप घेऊन गेला. ते बघून माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, “आप्पा, गाडीचं मी बघते.” एवढं एक वाक्य बोलायच्या आधी माणसानं खाली बसून नीट विचार करावा, असा माझा आता सगळ्यांना सल्ला आहे.

सल्ल्यांवरून आठवलं. आमच्या वरच्या मजल्यावर एक काका राहतात. त्यांना आम्ही आपसात सर्वज्ञ म्हणतो. मिस्त्री गाडी बघायला आला त्या दिवशी ते माझ्या आधी खाली हजर होते. मिस्त्रीनं दाराच्या फटीतून आत बॅटरी मारली, बराच वेळ पाहिलं आणि डॉक्टर नातेवाइकांना सांगतात त्या आवाजात म्हणाला, “बाई, आत काहीच राहिलेलं नाही.”

“म्हणजे?”

“दार म्हणजे नुसता डबा आहे. काचेला खालून उचलणारी कात्री असते, ती नाही. हँडल नाही. काच ज्या रबरात सरकते ते रबर नाही. आणि बाहेरची पट्टी तर विसराच. असा माल आता बनत नाही. बसची सरकती खिडकी बसवून देऊ का?”

उघड्या गाडीला बसची खिडकी, हे चित्र डोळ्यांसमोर आणायचा मी प्रयत्न केला आणि माझी मान आपोआप हलायला लागली.

“रबराची काळजीच नको,” सर्वज्ञकाका म्हणाले. “फ्रिजच्या दाराचं रबर घ्या. डोळे झाकून बसतं.”

नवऱ्यानं ते खरोखरच डोळे झाकून ऐकलं. दुसऱ्या दिवशी मी कामावरून परत आले, तर स्वयंपाकघरात पाणी वाहत होतं आणि फ्रिजचं दार लोंबकळत होतं. मी दारातच थबकले.

“गाडीला नाही बसलं,” नवरा म्हणाला. “थोडं जाड पडलं.”

“मग परत फ्रिजला लाव.”

“तेच करतोय मघापासून. आता फ्रिजलाही बसत नाहीये. मधे थोडं कापलं ना मी.”

“पण आपल्याच फ्रिजचं काढलंस?”

“प्रयोग करून पाहावा, असं तूच म्हणतेस.”

सर्वज्ञकाका पाहायला आले. त्यांनी पँटचे पाय गुडघ्यांपर्यंत वर घेतले आणि म्हणाले, “अहो, मी जुन्या फ्रिजचं म्हणालो होतो.” तेव्हापासून आमच्या फ्रिजचं दार खुर्ची टेकवून बंद ठेवावं लागतं, आणि दूध हवं असेल तर आधी खुर्चीवरच्या माणसाला उठवावं लागतं.

मग मी ठरवलं की हे काम पद्धतशीरपणे करायचं. शाबूत असलेल्या डाव्या काचेची, पट्टीची आणि यंत्राची सगळी मापं घेतली, कागदावर आकृती काढली आणि प्रयोगशाळेतून निघाले ती थेट भंगार बाजारात गेले. पहिल्याच दुकानात दारांचा ढीग होता. मी पर्समधून कॅलिपर काढलं आणि एका पट्टीची जाडी मोजायला वाकले. सरळ झाले तेव्हा दुकानदार माझ्यासमोर हात जोडून उभा होता.

“बसा ना, मॅडम. चहा घ्या. तराजू आजच दुरुस्तीला गेलाय.”

“तराजू नकोय मला. काच हवी आहे.”

“बरोबर आहे, मॅडम. काच घ्या, काहीही घ्या. पण या वर्षी तपासणी झाली आहे आमची.”

मग माझ्या लक्षात आलं की कार्यालयाचं ओळखपत्र माझ्या गळ्यातच लटकत होतं. मी ते घाईघाईनं पर्समध्ये कोंबलं. त्याचा परिणाम उलटाच झाला: साध्या वेशातली धाड आहे अशी त्याची खात्री पटली. मी दुकानाबाहेर आले तोवर गल्लीतली शटरं एकामागून एक खाली येत होती. सगळ्या बाजारात मी एकटी, हातात कॅलिपर. आयुष्यात मला कोणी कधी घाबरलेलं नाही. घरात तर पालसुद्धा हलत नाही.

शेवटी वर्तमानपत्रात जाहिरात दिली: अमुक बनावटीच्या उघड्या गाडीच्या उजव्या दाराची काच, यंत्र आणि पट्टी पाहिजे. पहिला फोन आला तो काच सोडून उरलेली गाडी विकत घेऊ इच्छिणाऱ्या माणसाचा. दुसरे एक गृहस्थ प्रत्यक्ष घरी आले, चौकटीसकट आख्खी लाकडी खिडकी घेऊन. दाराला बसणार नाही म्हटल्यावर त्यांना वाईट वाटलं. “दार मोठं करता येईल,” ते म्हणाले.

मग एका निवृत्त दंतवैद्यांचा फोन आला. “उजवी आहे माझ्याकडे,” ते म्हणाले. “या बघायला. वडिलांनाही आणा.”

आम्ही तिघंही गेलो. मी, आप्पा आणि नवरा. डॉक्टरांनी आदरानं बसवलं, विचारपूस केली आणि मग गॅरेजचं दार उघडलं. आत आप्पांचीच गाडी उभी होती. तोच रंग, तेच गोल दिवे, छपराची तीच दशा. आप्पांनी नकळत खिशातली किल्ली चाचपली. उजव्या दाराची काच, पट्टी, सगळं जिथल्या तिथं होतं. मी वळसा घालून डाव्या बाजूला गेले. तिथं काहीच नव्हतं. दार म्हणजे नुसता डबा.

मी मान वर केली, तर डॉक्टर आप्पांकडे टक लावून पाहत होते. दाढ काढायच्या आधी दंतवैद्य जसा गोड पाहतो, तसं.

“तुमची डावी अगदी शाबूत आहे म्हणता?” त्यांनी विचारलं.

“म्हणजे तुम्ही आम्हाला काच द्यायला बोलावलं नाही,” आप्पा म्हणाले.

“आणि तुम्ही द्यायला आला नाहीत.”

 मग बोलता बोलता कळलं की डॉक्टरांची भानगडही आमच्यासारखीच आहे. त्यांच्या मुलाला गॅरेजच्या जागी खोली बांधायची होती, आणि गाडीची नोंदणी झाली नाही तर गाडी जाणार असं ठरलं होतं. त्यांच्या गाडीची तपासणी आमच्यानंतरच्या आठवड्यात होती.

आता पुढचं जे घडलं त्याला मीच जबाबदार आहे. आमच्या प्रयोगशाळेत महागडं उपकरण एकच असतं आणि ते आम्ही शेजारच्या प्रयोगशाळेबरोबर आळीपाळीनं वापरतो. त्यात कोणाला काही गैर वाटत नाही. त्या सवयीनं मी बोलून गेले, “काचा दोन आहेत, गाड्या दोन आहेत, पण तपासण्या वेगवेगळ्या दिवशी आहेत. मग एकच जोडी पुरेल.”

दोन्ही म्हाताऱ्यांनी माझ्याकडे ज्या कौतुकानं पाहिलं, तसं मला पदवी मिळाली तेव्हाही कोणी पाहिलं नव्हतं. आपण काय बोललो हे मला घरी आल्यावर उमगलं, आणि मी खुर्चीत बसले ती बसूनच राहिले. (फ्रिजची खुर्ची. दूध सांडलं.)

डॉक्टरांनी तारण मागितलं. “तसा विश्वास आहे तुमच्यावर,” ते म्हणाले, “पण एवढी वर्षं लोकांच्या तोंडात बोटं घातली आहेत मी. माणूस केव्हा चावेल, सांगता येत नाही.” आप्पांनी तडकाफडकी गाडीचं स्टिअरिंग काढून दिलं. मी म्हटलं, “आप्पा, स्टिअरिंग?” ते म्हणाले, “तपासणी काचांची आहे ना?” 

डॉक्टरांची काच, यंत्र, रबर आणि पट्टी आमच्याकडे आली. मिस्त्रीनं सगळं बसवलं. काच फिरवली की अशी सुरेख वर यायची की आप्पा दिवसभर दाराजवळच घोटाळत राहायचे, पण काच झिजेल म्हणून हात लावायचे नाहीत आणि कोणाला लावूही द्यायचे नाहीत.

अधिकारी आवारातच येऊन तपासणार होते, म्हणून तपासणीच्या दिवशी सकाळपासून सगळे खाली होते. आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून चालकाच्या जागी बसले होते. डॉक्टर आपल्या काचेवर नजर ठेवायला आले होते. ते आमचे दूरचे नातेवाईक, असं नवऱ्यानं ठरवलं होतं. सर्वज्ञकाका होतेच. जिन्याशी सेक्रेटरी उभे होते आणि त्यांच्या मागे भंगारवाला हातगाडी घेऊन. निकाल काय लागतो ते बघून पुढचं ठरवू, असं सेक्रेटरी म्हणाले. माणूस व्यवस्थित आहे.

अधिकारी आले. नवऱ्यानं पुढे होऊन सांगितलं, “साहेब, ही माझी बायको. हीपण तपासणीच करते. तराजूंची. तुमच्याच पंथातली.”

“असं का?” अधिकारी म्हणाले आणि गाडीकडे वळले. इंजिन सुरू करून पाहिलं. दिवे पाहिले. मग आत डोकावून थांबले. “स्टिअरिंग?”

आम्ही सगळे आकाशाकडे पाहायला लागलो. त्यांनी हातातला अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला. “बरं,” ते म्हणाले. “त्याला रकाना नाही.”

डावी काच वरखाली झाली. मग ते उजवीकडे आले आणि हँडल फिरवायला लागले. काच हळूहळू दारातून वर आली. ऊन तिच्यावर पडलं, आणि काचेच्या वरच्या कडेशी बारीक अक्षरं चमकली. पहिल्यांदा दिसलं: “उजवी काच.” हँडल आणखी फिरलं. “मालक: डॉक्टर.”  नवऱ्यानं घाईघाईनं उन्हाच्या आड उभं राहायचा प्रयत्न केला, पण ऊन त्याच्यापेक्षा उंच होतं. काच आणखी वर आली. “तपासणी होताच परत करणे.”

दुसरीकडून आणलेल्या काचसामानावर हिरकणीच्या पेन्सिलीनं असं कोरून ठेवायचं, हा आमच्या प्रयोगशाळेचा शिरस्ता. काच घरी आली त्या संध्याकाळी माझ्या हातानं ते काम मला न विचारताच करून टाकलं होतं. खाली माझी सहीसुद्धा होती.

“माझी काच,” डॉक्टर क्षीण आवाजात म्हणाले. “खरवडून ठेवली.”

“अक्षर छान आहे,” अधिकारी म्हणाले.

“माझं आहे,” मी म्हटलं. नवऱ्याला खोकला आला.

अधिकाऱ्यांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं. ते रागावलेले नव्हते. खरोखरच अडचणीत पडल्यासारखे दिसत होते. “दोन काचा आहेत. वरखाली होतात. काच कोणाची, असं अर्ज विचारत नाही. मी सही करू शकतो. पण तुम्ही याच कामातल्या आहात. शेजारचं वजन आणून कोणी तराजू दाखवला, तर तुम्ही काय करता? तुम्हीच सांगा, करू सही?”

 भंगारवाल्यानं हातगाडीचा दांडा धरला. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. स्टिअरिंग असतं तिथं दोन्ही हात हवेत धरून ते समोर बघत होते, जसा काही रस्ता चालू आहे आणि नजर हलवून चालणार नाही. एक ‘हो’ म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं आणि माझ्याच कानांवर शब्द पडला, “नको.”

त्या दिवसांत मला बसलेल्या सगळ्या धक्क्यांमध्ये हा सर्वांत मोठा.

“अगं,” नवरा म्हणाला आणि पुढे त्याला काही सुचलं नाही. सर्वज्ञकाकांनासुद्धा नाही. आप्पांनी हवेतले हात हळूच मांडीवर ठेवले.

सेक्रेटरी पुढे झाले. “म्हणजे नापास. न्या रे गाडी.”

“थांबा,” अधिकारी म्हणाले. “नापास मी कुठं म्हटलं? नापास करायला काच नसावी लागते. काच आहे. पास करू, तर याच ‘नको’ म्हणतात. आणि काच यांची नाही, असं तिच्यावरच लिहिलंय. म्हणजे निर्णय प्रलंबित.” त्यांनी पिशवीतून एक लाल कागद काढला आणि पुढच्या काचेवर चिकटवून टाकला. “निर्णय होईपर्यंत गाडी कोणालाही हलवता येणार नाही. तिचा कुठलाही भाग काढता येणार नाही. भंगारात तर नाहीच नाही.”

“निर्णय कधी होणार?” सेक्रेटरींनी विचारलं. त्यांचा आवाज चिरकला होता.

“मालकीचा खुलासा झाला की.”

“तो कोण करतं?”

“त्याचा विभाग अजून सुरू व्हायचाय.”

भंगारवाला समजूतदार होता. त्यानं हातगाडी वळवली. डॉक्टर मात्र धडपडत अधिकाऱ्यांच्या मागे गेले. “साहेब, माझी तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. मला मिळेल का असा कागद?”

“तुमची काच कुठं आहे?”

“यांच्या दारात.”

“मग मिळेल,” अधिकारी म्हणाले.

अशा रीतीनं दोन्ही गाड्या वाचल्या, आणि आमच्या घरात आप्पांनी माझ्याशी बोलणं सोडलं. चहा मी दिला तर ते नवऱ्याकडून घ्यायचे. म्हणजे मी कप नवऱ्याच्या हातात द्यायचा आणि त्यानं तो आप्पांना, एकाच टेबलाशी बसून. गाडी वाचली हे त्यांना मान्य होतं. पण ती वाचेल हे मला ‘नको’ म्हणताना ठाऊक नव्हतं, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. तर्क निर्दोष होता. 

संध्याकाळी मात्र ते ताडपत्री काढून गाडीत बसायला लागले होते. सोबतीला डॉक्टर असायचे. डॉक्टर रोज स्टिअरिंग पिशवीत घालून आणायचे, आप्पा ते थोडा वेळ हातात धरून बसायचे, आणि निघताना डॉक्टर ते पुन्हा घेऊन जायचे. तारण म्हणजे तारण.

एका संध्याकाळी मी कामावरून येत होते. एक अनोळखी गृहस्थ गाडीभोवती फिरून पाहत होते. मी खांबापाशीच थांबले.

“आजोबा, विकणार का?” त्यांनी विचारलं.

“विकतो कसला. हलवतासुद्धा येत नाही,” आप्पा म्हणाले. “प्रलंबित आहे.”

“ते कशानं?”

“माझ्या मुलीनं अडवली.” आप्पा जरा सावरून बसले. “अधिकारी पास करायला तयार होता. पेन उघडलं होतं त्यानं. विचारा डॉक्टरांना. भंगारवाला दारात उभा. मी गाडीत. आणि ही म्हणाली, नको. सख्ख्या बापाची गाडी.”

“अरेरे,” ते गृहस्थ म्हणाले.

“अरेरे काय?” आप्पा एकदम तडकले. “वजनमापाच्या खात्यात आहे ती. तिनं सही केलेला तराजू कधी परत आलेला नाही.”

मुलगी बोर्डात पहिली आली हे सांगताना लोकांच्या बापांचा जो आवाज होतो, तो हाच. मी हा आवाज माझ्याबद्दल कधी ऐकला नव्हता. मी खांबाआड तशीच उभी राहिले. घरात शिरायचं कसं, हेच कळेना.

“आणि अक्षर बघा तिचं,” आप्पा म्हणाले आणि त्यांनी उजव्या दाराचं हँडल फिरवायला घेतलं.